नव्वद लिटरांची मुभा

खानदेशातून तापीच्या खोऱ्याने उतरत आलेला लोहमार्ग ज्या उधना स्थानकात मुख्य मार्गास मिळतो, त्याच्या आसपासच्या लिंबायत, पांडेसरा, बमरोली या वस्त्यांत धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांनी आपले संसार थाटले आहेत, आणि यंत्रमागांच्या अखंड खडखडाटात वाढलेल्या त्यांच्या मुलांना यंत्राचे भय असे कधी वाटलेच नाही. मागाचा तुटलेला भाग दिवस मावळण्यापूर्वी सांधून द्यायचा, बाजारात न मिळणारा दातेरी चक्राचा तुकडा लेथवर उतरवून घ्यायचा, हा येथील कारागिराचा नित्याचा व्यवहार होय. अशाच एका तरुणाने, ज्याचे बमरोलीत फॅब्रिकेशनचे लहानसे दुकान आहे, खाजगी छोट्या विमानात इंधन भरण्यासाठी फिरता गाडा स्वतः तयार करण्याचा संकल्प केला. आणि मुंबईस विमानांना इंधन पुरविण्याच्या कामात उभे आयुष्य घालवून निवृत्त झालेले त्याचे मामा भाच्याकडे मुक्कामास आले असता त्या संकल्पाचा आराखडा त्यांच्यासमोर उलगडला गेला. दोघांचा जो संवाद झाला तो येथे देत आहे. त्यातील पक्ष परस्परविरुद्ध असले, तरी दोन्हींमागची आस्था खरी होती, आणि माझ्या मते हा प्रश्न केवळ एका गाड्याचा नाही. म्हणूनच तो विस्ताराने मांडण्याजोगा वाटला.

भाचा : मामा, आराखडा पाहण्यापूर्वी गरज काय आहे ती ऐकून घ्या. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे दोन आसनांचे सेस्ना 152 विमान आहे. त्याच्या टाक्यांत सारे मिळून सुमारे 98 लिटर इंधन मावते आणि तासाला वीस-बावीस लिटर जळते. मोठ्या विमानतळावर टँकर असतो, पण त्यात असते ते झोतविमानांचे एटीएफ. या विमानाच्या पिस्टनच्या इंजिनाला एव्हगॅस लागते, आणि ते आपल्या देशात बहुतेक ठिकाणी 200 लिटरच्या बॅरलमधूनच येते. धुळ्याच्या गोंदूरसारख्या धावपट्टीवर बॅरल उभे करायचे, हातपंप लावायचा, नळी पंखावर न्यायची, हीच रीत. मी तिला चाके लावतो आहे, इतकेच. 90 लिटरची अ‍ॅल्युमिनियमची टाकी, आर्गनने वेल्डिंग केलेली, बारा व्होल्टचा पंप, गाळणी, मीटर, सहा मीटर नळी. एका माणसाने ढकलत न्यावे असा गाडा.

मामा : 90 हा आकडा तुला कोठून सुचला?

भाचा : तो कायद्यातलाच आहे. 1934 च्या पेट्रोलियम अधिनियमाच्या नवव्या कलमात मोटारवाहनाच्या मालकास परवान्याविना 90 लिटरपर्यंत पेट्रोल जवळ ठेवण्याची मुभा आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत मोटारवाहन म्हणजे जमिनीवरचे, पाण्यावरचे तसेच हवेतलेही वाहन. मी डोळे झाकून काम हाती घेतलेले नाही.

मामा : कायदा उघडून पाहिलास याचा मला खरोखर आनंद वाटतो, कारण तुझ्या वयाची मुले आधी वेल्डिंग करतात आणि मागाहून कलम शोधतात. परंतु कलम अर्ध्यावर सोडून उठू नये. ती 90 लिटरची मुभा आहे विमानाच्या मालकास, आणि तीही त्याचे विमान रीतसर नोंदलेले व वैमानिक सनदधारक असेल तर. तुझ्या दुकानास ती नाही. तुझ्यासारख्या त्रयस्थास आठव्या कलमाप्रमाणे 30 लिटर, तेही विक्रीसाठी नव्हे. आता तेच आठवे कलम पुढे काय म्हणते ते ऐक : हा जिन्नस घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या वा धातूच्या पात्रांत ठेवावा, काचेचे वा मातीचे पात्र एक लिटरहून आणि धातूचे पात्र 25 लिटरहून मोठे नसावे. नववे कलम मालकालाही हीच अट घालते. म्हणजे 90 लिटर ठेवता येईल, पण 90 लिटरच्या एका टाकीत नव्हे. आणि 30 लिटरच्या वर साठा गेला की तो अशा अलग जागी हवा, जिचा माणसे राहतात वा काम करतात त्या खोलीशी संबंध नाही.

भाचा : म्हणजे माझी टाकी बाद?

मामा : परवान्याविना बाद. मोठी टाकी हवी असेल तर तिचा आराखडा घेऊन नागपूरला, पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेच्या मुख्य कार्यालयाकडे, रीतसर अर्ज करावा लागेल. आणखी एक गोष्ट ध्यानात घे. त्या कलमात काच आहे, माती आहे, धातू आहे. प्लास्टिकचा उल्लेखही नाही. बाजारातला पांढरा कॅन उचलून आणणाऱ्याने हे वाचलेले नसते.

या ठिकाणी भाच्याच्या चेहऱ्यावर जी निराशा उमटली ती मला स्वाभाविक वाटली. पण तो गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हता, आणि त्याने जो मुद्दा पुढे केला तो पोकळ नव्हता.

भाचा : कायद्याचा मान राखतो, पण मला मूळ प्रश्न विचारू द्या. या देशातले विमानोड्डाण सुरू तरी कसे झाले? 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादेस उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानासाठी बर्मा शेलचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते, चार-चार गॅलनच्या डब्यांतून. तेथून ते जुहूस पोहोचले. अहमदाबादेस त्या दिवशी पंप नव्हता, मीटर नव्हता, परवान्याचा फलकही नसेल. तेव्हा साधनांच्या अभावी जुळवाजुळव करणाऱ्याला आज तुम्ही आगलाव्या का ठरवता? आणि आपल्या धुळ्याचेच घ्या. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, 2016 च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी पाहिले, आणि पुढे चाचण्या झाल्या त्या धुळ्याच्या धावपट्टीवर. गच्चीवर विमान होऊ शकते, तर बमरोलीच्या दुकानात गाडा का होऊ नये?

मामा : होऊ नये असे मी म्हटलेले नाही. यादवांचे उदाहरण तू दिलेस ते चांगलेच, पण पूर्ण दे : विमान तयार होते आणि तरी ते उभे राहिले, कारण उड्डाणाची परवानगी नव्हती, ती 2019 मध्ये मिळाली. त्या माणसाने जी वर्षे दप्तरांत काढली ती गच्चीवरच्या वर्षांइतकीच त्याच्या कर्तबगारीत मोजली पाहिजेत. आणि अहमदाबादचा डबा! अरे, तू ज्याला गैरसोय समजतोस तेच माझ्या मते उत्तर आहे. चार गॅलन म्हणजे सुमारे 18 लिटर. असे पाच डबे मांडले की 20 गॅलन, म्हणजे तुझे 90 लिटर जवळजवळ बरोबर. त्या उड्डाणानंतर दोनच वर्षांनी हा कायदा झाला, आणि त्यातल्या मर्यादा माणसाला उचलता येईल अशा डब्याच्या मापाच्या आहेत. एक डबा फुटला तर 18 लिटर सांडते. तुझी टाकी उसवली तर 90.

भाचा : पण तुमचा डबा पंखावर कोण चढवणार? सेस्नाचे पंख वर असतात. लिटरला सुमारे पाऊण किलो धरले तरी 20 लिटरचा भरलेला डबा, पत्र्यासकट, सतरा-अठरा किलोंचा होतो. शिडीवर उभे राहून, एका हाताने नरसाळे सांभाळून, वाऱ्यात तो ओतायचा. हात घसरला की पंखावरून अंगावर. मी गाडा बनवतो आहे तो हौसेखातर नव्हे, मामा. त्या शिडीवरून माणूस पडताना मी पाहिला आहे.

मामा : हे मात्र मान्य. हा मुद्दा तुझा.

या कबुलीनंतर संवादाचा सूर पालटला. आता प्रश्न गाडा असावा की नसावा हा उरला नाही, तो कसा असावा हा झाला. पुढील भाग मी जरा सविस्तर देतो, कारण अपघाताचे बीज जेथे खरोखर असते ते स्थळ बहुतेक कारागिरांच्या नजरेतून निसटते. सांधा गळतो का, चाक अडते का, पंप ओढतो का, हे डोळ्यांना दिसते. न दिसणाऱ्या गोष्टी दोन, एक वीज आणि दुसरे पाणी.

मामा : तुझ्या शेजारच्या लूमखात्यात वार्पिंगच्या यंत्रापाशी कधी उभा राहिला आहेस?

भाचा : रोज. हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत पॉलिएस्टरच्या तारांजवळ हात नेला की अंगावरचे केस उभे राहतात, कचरा बीमला चिकटून बसतो, आणि कधीकधी लोखंडाला बोट लागले की चटका बसतो.

मामा : तो चटका तुला जाणवतो, म्हणजे त्या ठिणगीत पेट्रोलची वाफ पेटविण्यास लागते त्याच्या कितीतरी पट ऊर्जा आहे. हवेत शंभरात दीड ते साडेसात भाग वाफ असली की मिश्रण पेटण्यास सिद्ध असते, आणि त्याला जी ठिणगी पुरते ती आपल्या बोटाला कळतदेखील नाही. तार रुळावरून सरकताना जमते तशीच वीज पेट्रोल नळीतून आणि गाळणीतून वाहताना जमते. गाळणीत तर अधिक, कारण तेथे द्रव अतिसूक्ष्म छिद्रांतून घासत जातो. तुझ्या आराखड्यात गाळणी आहे, नळी आहे, पंप आहे. विमान, गाडा आणि जमीन यांना जोडणारी तार कोठे आहे?

भाचा : गाड्याची चाके जमिनीला टेकलेली असतात की.

मामा : रबराची! लूमखात्यात निदान हवेत ओलावा राखण्याची तजवीज असते; धावपट्टीवर मे महिन्याच्या दुपारी ती कोण करणार? तेव्हा क्रम पाठ कर. पहिल्याने गाड्याची तार जमिनीत ठोकलेल्या सळईला. दुसऱ्याने गाड्यापासून विमानाच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूच्या भागाला. मग टाकीचे झाकण उघडायचे. नोझल आत घालताना त्याचा धातू टाकीच्या तोंडाला टेकवायचा आणि भरणे संपेपर्यंत टेकलेलाच ठेवायचा. सोडताना उलट क्रम : झाकण आधी बंद, तारा मागाहून. नळी साध्या बागेच्या पाण्याची नव्हे, वीज वाहून नेणारी, पेट्रोलसाठीच केलेली. तुझा बारा व्होल्टचा पंप साधा मोटारीचा असेल, तर त्याच्या ब्रशांत ठिणग्या उडतात. तो काढून टाक. हाताने फिरवायचा पंप घे. चार डबे उपसायला थोडा घाम येईल, येऊ दे.

भाचा : आणि डबे गाडीच्या हौद्यात ठेवून भरू नयेत, हे मी ऐकले आहे.

मामा : हौद्यात रबराची चटई असते, डबा तिच्यावर जमिनीपासून तुटलेला राहतो. डबा खाली उतरवून जमिनीवर ठेवूनच भरायचा. आणि काठोकाठ कधीच नाही. दर अंश तापमानाला पेट्रोल हजारात एक भागाने फुगते. सकाळी भरलेला डबा दुपारी उन्हात वीस अंश तापला तर 20 लिटरला चारशे मिलिलिटर जास्त जागा मागतो.

पाण्याविषयी मामा बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज अधिक हळू आणि अधिक ठाम झाला. विमानाचे इंजिन आकाशात बंद पडण्याच्या कारणांत इंधनातील पाणी हे फार जुने कारण आहे, आणि त्याविरुद्धचा उपाय इतका साधा आहे की तो टाळला जातो.

मामा : बॅरल उभे ठेवले की पावसाचे पाणी वरच्या कडेत साचते आणि रात्री थंडीने बॅरल आकसला की बुचाच्या फटीतून ते आत ओढले जाते. म्हणून बॅरल आडवे ठेवावे, दोन्ही बुचे घड्याळातल्या तीन आणि नऊ यांच्या जागी येतील असे, म्हणजे ती आतून पेट्रोलखाली राहतात आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. वापरण्यापूर्वी ते उभे करून, एका बाजूस किंचित कलते ठेवून, काही तास शांत राहू द्यावे. पाणी आणि गाळ तळाच्या कोपऱ्यात बसतात. ओढणारी नळी तळाला टेकू नये, चार बोटे वर राहावी. तळाचे ते थोडे इंधन फुकट गेल्याची हळहळ करू नये.

भाचा : आणि विमानाच्या टाकीतून नमुना?

मामा : भरल्यावर थोडा वेळ जाऊ द्यायचा, आणि टाकीच्या तळच्या कॉकमधून पारदर्शक पेल्यात काढायचा. पेला उजेडाकडे धरायचा. एव्हगॅस 100 एलएल निळसर दिसते. तळाशी पाण्याचा थेंब असेल तर तो वेगळा गोळीसारखा फिरतो. पण एक लक्षात घे, पेला पूर्ण पाण्यानेच भरला तरी सीमारेषा दिसत नाही आणि मनुष्य फसतो. म्हणून रंग पाहायचा आणि वासही घ्यायचा. संशय आला तर पांढऱ्या कागदावर थेंब टाकायचा. एव्हगॅस उडून जाते, कागद कोरडा होतो. एटीएफ मिसळलेले असेल तर तेलकट डाग मागे राहतो.

भाचा : एटीएफ चुकून कोण भरेल?

मामा : सुरतेच्या विमानतळावरून अमरेली-भावनगरकडे जाणारे नऊ आसनांचे कॅराव्हॅन पाहिले आहेस ना? वर पंख, पुढे एकच पंखा, तुझ्या सेस्नाचाच थोरला भाऊ वाटेल. पण त्याच्या नाकात टर्बाइन आहे, त्याला एटीएफ लागते. पंखा दिसला की पेट्रोल, हा समज मोठा घातकी आहे. पिस्टनच्या इंजिनात एटीएफ गेले तर नळ्यांत उरलेल्या चांगल्या इंधनावर विमान कदाचित उडेल, आणि उडाल्यावर इंजिन दगा देईल. म्हणून एटीएफचे नोझल रुंद, चपट्या तोंडाचे केलेले असते, एव्हगॅसच्या टाकीत ते शिरू नये यासाठी. तू आपल्या गाड्यावर निळ्या रंगाने मोठ्या अक्षरांत इंधनाचे नाव लिही, आणि दुसरा कोणताही जिन्नस त्या डब्यांत आयुष्यात कधी घालू नकोस.

भाचा : मग पंपावरचे साधे पेट्रोलही नाही? हलक्या विमानांच्या रोटॅक्स इंजिनांना ते चालते असे म्हणतात.

मामा : रोटॅक्स 912 ला दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालते. आता आपल्या पंपांवर मिळते ते वीस टक्क्यांचे. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि थंडी पडली की ते पाणी घेऊन पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. रबराच्या वाशरांनाही ते खाते. कोणाला खात्री करायची असेल तर मापाच्या काचनळीत खाली थोडे पाणी घ्यावे, वर पेट्रोल घालावे, हलवून ठेवावे. पाण्याची रेघ पहिल्यापेक्षा वर चढलेली दिसली की इथेनॉल आहे.

भाच्याने मग एव्हगॅस मिळण्याच्या अडचणीचा विषय काढला. तो मामांनी थोडक्यात संपविला : पूर्वी हे इंधन पूर्णपणे परदेशातून बॅरलांत भरून येत असे, 2022 च्या सप्टेंबरपासून इंडियन ऑइलने ते आपल्या वडोदऱ्याच्या कारखान्यात काढण्यास आरंभ केला आहे, म्हणजे आता ते सुरतेपासून एका दिवसाच्या वाटेवर तयार होते, आणि दुर्मिळतेच्या नावाखाली भलते इंधन वापरण्याची सबब उरलेली नाही. त्यात शिसे असते, लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, हेही त्यांनी बजावले. हातमोजे घालावेत, हात धुण्यासाठी ते वापरू नये, पोराबाळांना जवळ येऊ देऊ नये.

येथे मला एक गोष्ट स्वतःच्या वतीने सांगावीशी वाटते. बमरोलीतील दुकानांच्या वर माळे असतात, आणि त्या माळ्यांवर दूरदूरच्या मुलखांतून आलेले कारागीर झोपतात. खाली गॅसकटिंग चालू असते, शेजारी यार्नच्या पेट्यांची रास असते, आणि वर जाण्यास जिना बहुधा एकच. 24 मे 2019 रोजी याच शहरात सरथाण्याच्या तक्षशिला इमारतीत लागलेल्या आगीत 22 विद्यार्थी गेले, त्यांतील कित्येक जण वाट न सापडल्याने वरून उड्या टाकून गेले. ‘माणसे राहतात वा काम करतात त्या खोलीशी संबंध नसलेली जागा’ ही 1934 सालची अट ज्यास जुनाट वाटते त्याने एकदा बमरोलीचा असा माळा पाहावा. भाच्याच्या कौशल्याविषयी माझ्या मनात संपूर्ण आदर आहे, परंतु या दुकानात पेट्रोलचा एकही डबा उघडला जाऊ नये, या मामांच्या आग्रहाशी मी पूर्णतः सहमत आहे.

भाचा : ठीक आहे. टाकी सोडली. गाड्यावर धातूचे चार डबे, प्रत्येकी 22 लिटर भरायचे, एकूण 88. डबे मालकाचे, साठा मालकाचा, जागा धावपट्टीवरची, माणसांपासून अलग. माझे केवळ लोखंड, पंप, गाळणी, नळी आणि तारा. पण मामा, एका गोष्टीवर मी अडून बसणार. गाडा मी येथेच बनवणार आणि येथेच तपासणार.

मामा : तपासणार कशाने? पेट्रोलने नाही ना?

भाचा : पाण्याने.

मामा : पाण्याने! ज्या पंपातून आणि नळीतून तू पाणी फिरवशील, त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात ते दडून राहील, आणि पहिल्याच भरण्याला विमानाच्या टाकीत जाईल. गाळणी तर पाणी शोषण्यासाठीच केलेली असते. ती फुगून बसेल.

भाचा : मग गाळणी शेवटी बसवेन. सांधे हवेने तपासेन, थोड्या दाबावर, साबणाचा फेस लावून. पंप उघडून कोरडा करून पुन्हा जोडेन. आणि तारांसाठी पेट्रोल लागतच नाही. नोझलच्या टोकापासून जमिनीच्या सळईच्या पकडीपर्यंत मल्टीमीटर लावून प्रत्येक सांध्याचा अवरोध कागदावर लिहून काढेन. जेथे रंग आड येईल तेथे रंग खरवडेन.

मामा : आणि पहिले प्रत्यक्ष भरणे?

भाचा : गोंदूरला, मालक आणि वैमानिक दोघेही समोर असताना. भरल्यानंतर नमुन्याचा पेला वैमानिकाने स्वतः उजेडाकडे धरायचा आणि वहीत तारीख, डब्याचा क्रमांक घालून सही करायची. त्या वहीत माझी सही नको, कारण विमानात मी बसणार नाही.

मामा : तुझीही हवी. गाडा तुझा आहे.

या शेवटच्या मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले नाही. भाच्याचे म्हणणे असे की कारागिराने आपल्या वस्तूबद्दल एकदाच, ती हातावेगळी करताना, लेखी हमी द्यावी. प्रत्येक भरण्याची जबाबदारी भरणाऱ्याची. मामांचे म्हणणे असे की फिरत्या साधनाचे सांधे प्रत्येक खड्ड्यात सैल होतात, म्हणून बनविणाऱ्याने निदान पहिल्या वर्षी ठराविक मुदतीने जाऊन ते तपासावे आणि त्याची नोंद करावी. वाद चालू असतानाच भाच्याने टाकीचा आराखडा बाजूला सारून कोऱ्या कागदावर चार डब्यांचा चौकोन काढण्यास घेतला, आणि मामांनी त्याच्या हातून पेन्सिल घेऊन त्या चौकोनाच्या एका बाजूस, गाड्याच्या पायाशी, तांब्याच्या तारेच्या रिळाची जागा आखून दाखविली.